कुंदाक्का आणि कोरडी प्लेट

भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. आमच्या फैजपूरला असले नग पुष्कळ. केळीच्या बागेत तिन्हीसांजेला पाला सळसळला की यांना तिथे कोणीतरी उभं दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून ते सगळ्या गल्लीला ऐकवतात. माझे वडील बन्सीलाल केळीवाले. त्यांचा जन्म बागेत गेला, पण तिथे करपा रोगाशिवाय दुसरं काही त्यांना दिसलं नाही. मी त्यांच्यावर गेले आहे.

तेव्हा पुढचं सगळं जसं पाहिलं तसं सांगते. कोणाला पटवत बसणार नाही. शिवाय ही गोष्ट माझी नाहीच, ती कुंदाक्काची आहे. मी फक्त तिथे होते.

धुळ्याच्या एका कॉलेजात सरकारी अनुदानातून एक संशोधन चाललं होतं आणि मी त्यावर प्रकल्प सहायक होते. प्रश्न साधा होता. देशभर उजाड जमिनींवर सौर प्लेटा बसताहेत. जिथे ऊन भरपूर तिथे धूळही भरपूर, आणि पाणी नेमकं तिथेच नाही. धूळ बसली की वीज घटते. धुवायचं तर पाणी आणायचं कुठून? म्हणून कमीत कमी किती पाण्यात भागतं ते नीट मोजून सांगा, असं वर दिल्लीहून आलं होतं. लोकांच्या पैशातून चाललेलं काम होतं. आमचे प्रमुख हेमराज सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "चारुलता, इथे अंदाजाने काही लिहायचं नाही. जे दिसेल तेच." मला हे सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं ते आवडलं.

जागा साक्री तालुक्यातल्या एका माळावर होती. चहूबाजूंनी पवनचक्क्या. त्यांचा घूं घूं आवाज सुरुवातीला कानाला टोचतो, मग ऐकूच येईनासा होतो, आणि तो मध्येच थांबला की माणूस दचकतो. माळावर झाड नावाला एक, हिवराचं. त्याच्याखाली आमची पत्र्याची खोली, कडेला टँकरने भरायची पाण्याची टाकी, आणि तारेच्या कुंपणात ओळीने मांडलेल्या प्लेटा. काही रोज धुवायच्या, काही आठवड्याने, काही महिन्याने. आणि ओळीच्या टोकाला एक प्लेट अशी, की तिला पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा लागेपर्यंत पाण्याचा थेंबही लावायचा नाही. न धुता किती नुकसान होतं ते कळल्याशिवाय धुण्याचा फायदा कळणार कसा? या प्लेटेसमोर खांबावर एक कॅमेराही होता. तो दिवसभर थोड्या थोड्या वेळाने तिचा फोटो काढायचा.

धुवायला खालच्या गावातली कुंदाबाई यायची. सगळे तिला कुंदाक्का म्हणत, मीही तेच म्हणू लागले. काळीसावळी, शिडशिडीत, डोक्यावरचा पदर वाऱ्यातही न ढळू देणारी. एका बादलीत ती इतक्या प्लेटा पुसून काढायची की मी पाहतच राही. पुसताना तोंडाने सारखी पुटपुट. एकदा जवळ जाऊन ऐकलं तर बाई प्लेटांशी बोलत होत्या. कालचं वादळ कसं होतं, टँकरवाला कसा लबाड आहे, सगळं त्यांना सांगणं चालू. मी हसले तर म्हणाली, "हसा, हसा. तुमना फैजपूरमा पानी धो धो, तुमले काय समजी?"

पहिल्या दिवशी सगळ्या प्लेटा धुऊन ती टोकाच्या प्लेटेकडे बादली घेऊन निघाली, तेव्हा मी ओरडून थांबवलं. ही धुवायची नाही, म्हटलं.

"काब्र?"

मी समजावलं. धूळ, वीज, तुलना. तिने सगळं ऐकून घेतलं. मग बादलीतल्या उरलेल्या पाण्याकडे पाहिलं, प्लेटेकडे पाहिलं.

"बठ्ठास्ले पानी अन् एकलीले नही? आसं कोन्ही करस का, ताई?"

"अक्का, काच आहे ती. तिला तहान लागते का?"

उरलेलं पाणी तिने जमिनीवर ओतलं नाही, हिवराच्या बुडाशी नेऊन घातलं. त्यानंतर रोज त्या प्लेटेपुढून जाताना ती मान फिरवून घ्यायची. आणि दर आठ-पंधरा दिवसांनी न चुकता विचारायची, "आज तरी तिले थोडं देऊ का?" मी नाही म्हणायची. मला ते हट्टीपणाचं वाटायचं. खरं कारण पुढे तिच्या नवऱ्याकडून कळलं.

तिचा एकुलता एक मुलगा प्रेमराज. तो सौर प्लेटा बसवणाऱ्या एका ठेकेदाराबरोबर गेला होता, कच्छच्या पार टोकाच्या वाळवंटात. तिथे मैलोन् मैल प्लेटा बसत होत्या. सुरुवातीला फोन यायचे. शेवटच्या फोनवर म्हणाला होता, "माय, आठे पानी टँकरनं येस. तोंड धवाले बी मोजीसन देतस." त्यानंतर फोन बंद. ठेकेदार बदलला, नव्याने हात झटकले, पोलिसांनी नाव लिहून घेतलं. बरोबरची पोरं म्हणाली, तो दुसऱ्या टोळीबरोबर पुढे गेला. कुठे पुढे, ते कोणाला माहीत नाही. याला आता वर्षं झाली होती. कुंदाक्काने प्लेटा धुण्याचं काम धरलं तेही यासाठीच. मला म्हणाली होती, "मन्हा प्रेमराज बी ह्याच प्लेटा बसाडे." तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

हे मला सांगितलं तिच्या नवऱ्याने, तोतारामनानांनी. ते एकदा तिची भाकर घेऊन माळावर आले होते. ती लांब काम करत होती. नाना हिवराखाली टेकले, इकडचं तिकडचं बोलले आणि एकदम म्हणाले, "ताई, तुम्ही शिकेल शेत. जरा तिले समजाडा."

समजवायचं होतं ते आखाजीबद्दल. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खानदेशात पितरांचा सण. मातीची घागर भरायची, तिच्यावर लहान मडकं, त्यावर आंबा आणि खरबूज. चुलीत आगारी टाकायची, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवात घास द्यायचा. आणि उंबरठ्यावर घरातल्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट ओढायचं, पाणी सोडायचं. नानांच्या घरात अशी समजूत, की त्या दिवशी ज्याचं नाव घेतलं त्याला वर्षभर पाणी पोचतं. ज्याचं घेतलं नाही तो उन्हात तसाच फिरतो, तहानलेला.

कुंदाक्का दर आखाजीला सगळ्यांची बोटं ओढायची आणि प्रेमराजच्या जागेवर येऊन उठायची.

तेवढ्यात ती फडकं पिळत आली. आमचे चेहरे पाहूनच तिला विषय कळला. नाना म्हणाले, "आवंदा तरी त्यानं नाव ली टाक. कितला वरीस त्याले पानीबिगर तिसे मारशी?"

ती कडाडली. "अन् तो जित्ता व्हयना तं? जित्ता आंडोरना नावनं बोट मी मन्हा हाते वढू का?"

नाव घ्यावं तर आईने स्वतःच्या हाताने मुलाला मेलेल्यांत बसवायचं. न घ्यावं तर, मेला असला, तर त्याला घोटभर पाणीही नाही. मी असल्या समजुती मानत नाही. पण ती मानत होती, आणि त्या दोन गोष्टींच्या मध्ये ती रोज चिरडत होती. मला तिची फार दया आली. नाना भाकर ठेवून खाली निघून गेले. ती जेवली नाही.

हिवाळा सरला. टोकाच्या प्लेटेवर धुळीचा थर चढत गेला. आधी पांढुरका, मग मातकट, मग इतका जाड की खालची निळी काच दिसेना. अवकाळी पाऊसही आला नाही. आकडे फार सुरेख येत होते आणि मी खूश होते. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. प्रत्येक प्लेटेच्या पाठीला तापमान मोजणारी तार चिकटवलेली होती. फाल्गुन लागल्यापासून या प्लेटेचं तापमान भर दुपारी शेजारच्यांपेक्षा कमी यायला लागलं. मी तार बदलली. तरी तेच. मग वैतागून पाठीला हात लावून पाहिला. माळावर दगडाला पाय लागला तर फोड येईल असं ऊन होतं, आणि ती पाठ थंड होती. माठाला बाहेरून हात लावावा तशी. मी हात काढून घेतला आणि तार तिसऱ्यांदा बदलली.

दुसरं म्हणजे पाखरं. चिमण्या, होले सगळ्या ओळीवर बसायचे, घाण करायचे, कुंदाक्का त्यांना शिव्या द्यायची. टोकाच्या प्लेटेवर कोणी बसत नव्हतं. हे मला तिने दाखवलं नाही, माझंच लक्ष गेलं, आणि गेलं म्हणून मी स्वतःवर चिडले.

मग एका सकाळी धुळीत रेघा दिसल्या.

वरच्या कडेपासून खाली ओढलेल्या, उभ्या, एका शेजारी एक. चार होत्या. माझा पारा चढला. आता आणखी दीड-दोन महिने गेले असते तर वर्षाचं काम पुरं झालं असतं, आणि कोणी तरी बोटं ओढून ठेवली! मी कुंपण पाहिलं, फाटक पाहिलं. कुलूप जसंच्या तसं. प्लेटेखालच्या भुसभुशीत मातीत माझ्याच कालच्या चपलांशिवाय ठसा नव्हता. हेमराज सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "दव असेल. दवाचे थेंब उतारावरून घसरले की अशाच रेघा पडतात. नेहमीचं आहे."

खरंच नेहमीचं आहे. पुस्तकांतही आहे. मला हायसं वाटलं. खोलीत जाऊन हवेतल्या ओलाव्याचा आकडा उघडला. चैत्रातला साक्रीचा माळ. हवा इतकी कोरडी, की ओठ फुटून रक्त यावं. दव पडणं शक्यच नव्हतं. मी तो आकडा पुन्हा पुन्हा पाहिला आणि सरांना परत फोन केला नाही.

कुंदाक्का आली. मी तिला काही सांगितलं नाही, तिच्याकडे नुसती रोखून पाहत राहिले. खोटं कशाला बोलू, संशय तिचाच होता. नेहमीसारखी मान फिरवून ती त्या प्लेटेपुढून निघाली आणि मध्येच थांबली. कोणी हाक मारल्यासारखी वळली. बादली खाली ठेवली. बराच वेळ ती नुसती पाहत होती.

"ताई," ती म्हणाली, "हाऊ आमना उंबरठा शे."

"काय?"

तिने हात लावला नाही. लांबूनच बोट दाखवत गेली. "हाऊ सासरा. हाई सासू. हाऊ मन्हा देर, हेरमा पडना व्हता." हेर म्हणजे विहीर. मग ती चौथ्या रेघेशी वाकली. "हाई मन्ही बेबी."

चौथी रेघ बाकीच्यांपेक्षा बारीक होती. ते मी पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

"लेकरूनं बोट करंगळीघाई वढतस आम्ही," ती म्हणाली. "ती बारसं व्हवाना पहिलेच गयी."

मी म्हटलं, "अक्का, दवाने होतं असं." माझाच आवाज मला पोकळ वाटला. ती वाद घालत बसली नाही. बादली उचलून दुसऱ्या टोकाला गेली आणि त्या दिवशी प्लेटांशी एक शब्दही बोलली नाही.

सर दोन दिवसांनी आले. माणूस भला, पण कामात पक्का. त्यांनी कॅमेऱ्याचे फोटो लॅपटॉपवर लावले. संध्याकाळच्या शेवटच्या फोटोत प्लेट कोरी. सकाळच्या पहिल्या फोटोत चार रेघा. मधल्या अंधारातलं काहीच नाही. सर म्हणाले, "हे कोणी तरी केलंय. बाई विश्वासाची आहे ना?" मी म्हटलं, हो. दोन दिवसांपूर्वी मीच तिच्यावर डोळे वटारून बसले होते, पण त्यांनी विचारल्यावर हो म्हटलं. ते म्हणाले, "मग लक्ष ठेव. प्लेटेला आणखी हात लागला तर वर्षाचे आकडे टाकून द्यावे लागतील, आणि मग तिलाही ठेवता येणार नाही." त्यांचंही चुकत नव्हतं.

मी लक्ष ठेवलं. दिवसभर. दुपारी जेवायलाही अशी बसायची की समोर ती प्लेट दिसावी.

आखाजी आठवड्यावर आली होती. आम्ही दोघी हिवराखाली जेवत होतो. कुंदाक्काने कळण्याची भाकर आणली होती, मी डब्यातली पोळी. वारा पडला होता. पवनचक्क्या एकेक करून थांबल्या आणि माळावर अशी शांतता झाली की माझ्या चावण्याचा आवाज मला ऐकू येत होता. मी समोर पाहत होते. चार रेघा होत्या तशाच. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला मान खाली घातली, घोट घेतला, मान वर केली.

चौथ्या रेघेच्या शेजारी, प्लेटेच्या वरच्या कडेला, एक ठिपका होता.

मी उठले. कुंदाक्काही उठली. आम्ही जवळ गेलो. धुळीत बोटाचा ठसा होता, पेराएवढा. पुरुषाच्या बोटाचा, रुंद. आजूबाजूला कोणी नाही, फाटकाला कुलूप, आणि नजर पोचेल तिथवर उघडा माळ, उन्हाने थरथरणारा. पळावंसं वाटत होतं, पण पळायचं कशापासून?

कुंदाक्का घाबरली नव्हती. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा घाबरलेला नव्हता.

"हाई वढेल नही, ताई," ती हळू म्हणाली. "नुसतं टेकाडेल शे."

"म्हणजे?"

"तो इचारी ऱ्हायना, मन्हं नाव लेशी का म्हनीसन."

पवनचक्क्या पुन्हा फिरू लागल्या. तिने माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, मग प्लेटेकडे. क्षणभर मला वाटलं, ही आता बाटली हिसकून प्लेटेवर ओतणार. मी अडवलं नसतं, हेही सांगून टाकते. पण तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, "आठे नही. हाई जागा त्यानी नही." आणि उरलेली भाकर फडक्यात बांधून कामाला लागली.

संध्याकाळी मी फोटो पाहिले. एका फोटोत ठिपका नाही, पुढच्यात आहे. त्यात कडेला हिवराखाली आम्ही दोघी जेवताना दिसतो. ते फोटो मी सरांना पाठवले. त्यांचा फोन आला. म्हणाले, "प्लेट आहे तशी राहू दे. तिला कामावरून काढायचं नाही." आणि फोन ठेवला.

आखाजीला कुंदाक्काने मला जेवायला बोलावलं. गावात निंबाला झोके बांधले होते, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या, पारावर पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगले होते. तिच्या घराशी मात्र आवाज नव्हता. चुलीवर पुरण शिजत होतं. घागर भरून ठेवलेली, वर आंबा. तोतारामनाना भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला बस म्हणून खूण केली आणि पुन्हा जमिनीकडे पाहू लागले. मला वाटतं, बायकोला इतकी वर्षं ज्यासाठी बोलत होते, ते आता ती करणार म्हणून त्यांनाच धस्स झालं होतं.

ती उंबरठ्याशी बसली. वाटीत कुंकू कालवलेलं. सासऱ्याचं नाव घेतलं, बोट ओढलं, तांब्यातून पाण्याची धार सोडली. सासू. दीर. मग करंगळी बुडवून बेबी. चार बोटं ओळीने. मी ती ओळ रोज पाहत होते. तेच अंतर, तीच लांबी, चौथीची तीच बारीक रेघ. माझ्या अंगावर काटा आला आणि तो जेवण होईपर्यंत गेला नाही.

मग तिने बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि उंबरठ्यावर टेकवलं.

तिथेच थांबली. टेकवलेलं बोट हलेना. बाहेर पोरींचं गाणं चालू होतं. नानांनी तोंड फिरवलं. किती वेळ गेला कोण जाणे. मला तिला ओरडून सांगावंसं वाटलं, नको ओढू अक्का, तो येईल, एखाद्या दिवशी एसटीतून उतरेल. पण मी कोण सांगणार? तो टेकवलेला ठसा मीही पाहिला होता.

तिने बोट खाली ओढलं.

"प्रेमराज," ती म्हणाली. हाक मारतात तसं म्हणाली, मोठ्याने, बाहेर खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तसं. "पानी पी ले, भाऊ."

तांब्यातलं सगळं पाणी तिने सोडलं. एक थेंब ठेवला नाही. नाना हुंदके देऊन रडू लागले. ती रडली नाही. उठली आणि पानं वाढायला घेतली.

जेवून मी माळावर गेले. सणालाही आकडे घ्यायला लागतात, एवढंच कारण होतं असं मी स्वतःला बजावत चढण चढले. फाटकाचं कुलूप काढलं. टाकीच्या तोटीलाही कुलूप होतं, आणि आत पाणी नव्हतंच. सणामुळे टँकर आला नव्हता. माळावर चिटपाखरू नव्हतं.

टोकाच्या प्लेटेवर पाच रेघा होत्या.

पाचवी वरून पार खालच्या कडेपर्यंत गेली होती. आणि ती ओली होती. चार रेघांच्या कडा कोरड्या, धुळीच्या. पाचवीच्या दोन्ही बाजूंना चिखल झाला होता, मधून निळी काच धुतल्यासारखी चकाकत होती, आणि खालच्या पट्टीवर गढूळ पाण्याचा एक थेंब लोंबत होता. माझ्या देखत तो सुटला आणि मातीत पडला. त्या उन्हात तांब्याभर पाणीही बघता बघता उडून जातं. मी तिथे उभी होते तोवर ती रेघ वाळली नाही.

मी पाठीला हात लावला. पाठ तापली होती, बाकीच्या प्लेटांसारखीच. हात चटकला, आणि का कोण जाणे, मला रडू आलं.

फोटोंत सगळं होतं. ठिपका, आणि पुढच्या फोटोत ओली रेघ. ते दोन फोटो निघाले तेव्हा मी कुंदाक्काच्या उंबरठ्याच्या आत बसलेली होते.

त्या रात्री मला झोप नव्हती. भीतीने नाही. उद्या ती विचारणार, हे मला माहीत होतं. हो म्हटलं तर तिचा मुलगा मेला. आजवर नव्हता मेला, फक्त परतला नव्हता. मी हो म्हटलं की मेला. नाही म्हटलं, काही झालं नाही अक्का, कोरडीच आहे, ठसाही वाऱ्याने बुजला, असं म्हटलं, तर ती पुढच्या एसटीची वाट पाहायला मोकळी. रेघ तेवढी पुसून टाकली की झालं. कोणाला कळणार होतं? पण मग तिने आज जे केलं, ते कशासाठी केलं?

सकाळी टँकर येऊन गेल्यावर ती आली. बादली भरली, फडकं बुडवलं. पहिल्या प्लेटेपाशी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. टोकाकडे पाहिलं नाही. फडकं पिळता पिळता म्हणाली, "ताई, पानी पोचनं का?"

मी म्हटलं, "पोचलं, अक्का."

फडकं तिच्या हातातून पडलं. ती तिथेच मातीत बसली आणि रडली. इतक्या वर्षांचं एकदम रडली, मोठ्याने, गळा काढून, डोक्यावरचा पदर खाली आला तरी तिला शुद्ध नव्हती. मी तिच्या शेजारी बसले. पाठीवर हात ठेवण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. ओळीवरचे होले उडाले, जरा वेळाने परत येऊन बसले. एक जाऊन टोकाच्या प्लेटेवर बसला.

मग तिने तोंड पुसलं, पदर नीट घेतला. मी बादली उचलून तिच्यापुढे धरली. म्हटलं, "अक्का, आज तिला पाणी घाल. आकड्यांचं मी बघून घेईन."

तिने पहिल्यांदा टोकाकडे नीट पाहिलं.

"नको, ताई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. त्याले भेटनं."